गरम झाल्यावर गाडी बंद पडते: क्रँक सेन्सर बदलण्यापूर्वी कोणती तपासणी करावी?

प्रश्न:
माझी पेट्रोल गाडी २०१४ सालची आहे. सोलापुरातून सकाळी निघाल्यास काहीही त्रास होत नाही. परंतु भर दुपारी मोहोळच्या आसपास ती चालता चालता बंद पडते. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण सुरू होत नाही, आणि बॉनेट उघडून अर्धा तास थांबलो की पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड आला. याच तक्रारीसाठी एका गॅरेजने आधी पेट्रोलचा पंप बदलला होता, त्यामुळे आता सेन्सरवर खर्च करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी असे वाटते.

प्रतिसाद १:
हा कोड क्रँक सेन्सरच्या (इंजिनचा मुख्य दांडा फिरतो आहे हे गाडीच्या संगणकाला कळवणारा सेन्सर) सर्किटमध्ये दोष असल्याचे सांगतो. तो दोष सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की कप्लरमध्ये (वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगमध्ये), हे त्यावरून कळत नाही. गॅरेजपर्यंत नेईतो गाडी निवते आणि सर्व मापे बरोबर येतात, म्हणून गाडी बंद असलेल्या त्या अर्ध्या तासातच तपासणी करावी. प्रथम सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) पाहावा. तो शून्य दिसल्यास सिग्नल पोहोचत नाही असे समजावे. दोनशेच्या आसपास दिसल्यास दोष बहुधा अन्यत्र आहे.

सेन्सरला दोन पिना असतील तर तो बहुधा कॉइलचा (तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याचा) असतो. चावी बंद करून, कप्लर काढून, सेन्सरच्या पिनांवर मल्टिमीटरने ओहम मोजावेत; पुष्कळ गाड्यांत हे माप काहीशे ते हजारच्या दरम्यान असते, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच, त्यामुळे सकाळचे ८०० ओहम शंभर अंशांना हजारावर गेले तर तो दोष मानू नये. मीटरने काहीच माप न दाखवणे, म्हणजे आत तार तुटणे, हा खरा दोष. तीन पिना असल्यास तो बहुधा हॉल सेन्सर (चुंबकीय बदल ओळखणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर) असतो आणि तेथे ओहम मोजून उपयोग नाही. कप्लरवर ५ किंवा १२ व्होल्ट आणि अर्थिंग येते का, ते पाहावे.

प्रतिसाद २:
कप्लरमध्ये तेल शिरले आहे का आणि वायर उंदराने कुरतडली आहे का, हेही पाहावे. (आमच्याकडे दोन सेन्सर बदलल्यावर उंदीर सापडला.)

प्रश्नकर्ता:
काल दुपारी मुद्दाम तुळजापूर रस्त्याने निघालो. तामलवाडीच्या अलीकडे गाडी बंद पडली, तेव्हा आरपीएम शून्य होता. सेन्सर दोन पिनांचा आहे. सकाळी ८६० ओहम होते, काल मीटरवर केवळ ‘१’ राहिला (म्हणजे काहीच माप नाही) आणि पंचवीस मिनिटांनी पुन्हा ९२० आले. वायर हलवून पाहिली, फरक पडला नाही.

प्रतिसाद १:
मग सेन्सरच बदलावा. पार्ट नंबर जुळवून कंपनीचाच घ्यावा, कारण टोक आणि दातेरी चक्र यांतील अंतर जेमतेम एक मिलिमीटर असते आणि लांबीत थोडा फरक असला तरी सिग्नल बिघडतो. बसवण्यापूर्वी त्याची बैठक पुसून घ्यावी. जुन्या सेन्सरच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा काळा चुरा तेथे हमखास उरतो.