सुगरणीची अर्धवट घरटी ठेवायची का छाटायची?

बाभळीखालचा: मंडळी, आमच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलीय, दरवर्षी पाऊस लागला की तिच्यावर सुगरणी येतात, यंदा तर नुसता गजबजाट. पण निम्मी घरटी अर्धवट, नुसती टोपरी लटकलीत, खाली नळीच नाही, काही गळून पाण्यात पडलीत. फांदी मोटारीच्या वायरला घासतेय म्हणून छाटायचीय. नुसत्या टोपऱ्यांच्या फांद्या आत्ता काढल्या तर चालतंय का?

माळरान: दादा आत्ता कोयता लावूच नका. विणतो तो नर, पिवळ्या डोक्याचा, उसाच्या नाहीतर गवताच्या पानाच्या चिरट्या काढून. टोपऱ्यापर्यंत आला की काम थांबवतो आणि मादी आली की पंख फडफडवत खाली लटकतो, ती आत शिरून धागे ओढूनबिढून बघते, पसंत पडलं तरच नळी विणून पुरं होतं. नाहीतर गेलं, गडी दुसरं घेतो विणायला. आणि मादी अंड्यावर बसली तरी हा तिथं थांबतोय होय, शेजारी लगेच नवीन बांधकाम! पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला हेच बघून लिहून ठेवलंय.

रानवेडी: माझी आजी म्हणायची आत चिखलात काजवे चिकटवतात, उजेडासाठी. खरंय का हो?

माळरान: चिखल खरा, काजवे नाहीत ताई. पडलेलं घरटं उसवून बघा, आतल्या बाजूला वाळलेल्या गाऱ्याचे थापे सापडतील.

बाभळीखालचा: बरं पण मग छाटायचं कधी? मोटार तर चालवावी लागणारच

ओढ्याकाठी: नळीवाल्यात अंडी असतील, २ ते ४, पांढरी. मादी पंधरवडाभर उबवते आणि पिल्लं उडायला पुन्हा जवळजवळ तेवढेच दिवस, त्यातून सगळ्या माद्या एकदम बसत नाहीत, म्हणून टोपऱ्याची फांदी वेगळी काढणंही नको, हादऱ्यानं शेजारचं घरटं विहिरीत जायचं. दिवाळीच्या आसपास येजा पूर्ण बंद झाली का बघा न मग छाटा. तोवर वायरमनला सांगून वायर पलीकडच्या खांबावरनं घ्या, आणि मोटार बंद करून हां.

बाभळीखालचा: वायरच हलवतो मग. आणि छाटताना पाण्यावरची एक फांदी ठेवतो, तिथं सापबिप पोचत नाही म्हणून त्यांना तीच लागते बहुतेक.