मदत हवी आहे: एका पायाच्या बैठकीत डाव्या पायाची टाच उचलली जाते

पिस्टल स्क्वॉट (दुसरा पाय पुढे सरळ ठेवून एका पायावरची पूर्ण बैठक) उजव्या पायावर तळापर्यंत नीट होतो. डाव्यावर मांडी जमिनीला समांतर आली की टाच सुटते, पाठोपाठ गुडघा आत वळतो. ताकदीचा प्रश्न वाटत नाही: टाचेखाली इंचभर फळी ठेवली की तोच पाय आरामात खाली जाऊन वर येतो.

भिंतीला गुडघा टेकवून पाहिलं, टाच न उचलता. अंगठा भिंतीपासून उजवीकडे 12 सेंमी, डावीकडे जेमतेम 7. गुडघा वाकवून पोटरीचा ताण रोज देतो, पण ताण मागे जाणवतच नाही; घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसतो. म्हणजे अडचण पोटरीत नसून सांध्यातच असावी.

जुनी मुरगळ नाही, सूजही नाही. चालताना, जिना उतरताना दुखत नाही. सराव अंबाझरीच्या बागेत, अनवाणी, पहाटेच (नागपूरचा मे, दुसरी वेळच नाही). जिम नाही, रबरी पट्टा आहे, बांधायला बाकाचा पाय आहे.

घोट्याचा सांधा मोकळा करायला पट्टा घोट्याच्या हाडांच्या खाली बसवून मागे खेचायचा की वर नडगीवर? आणि तोवर फळीवर पूर्ण खोल बैठका चालू ठेवू, की टाच टेकते तेवढ्याच खोलीवर थांबू?