मदत हवी आहे: नाट्यदिग्दर्शनाचं पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावं?

रंगीत_तालीम:
नमस्कार मंडळी,

मी पुण्याचाच. बी.कॉम. झालंय, ऑडिटच्या नोकरीत आहे. कॉलेजात पुरुषोत्तम आणि फिरोदिया या स्पर्धांसाठी एकांकिका बसवल्या, आता ग्रुपबरोबर लहान-मोठे प्रयोग चालू असतात. दिग्दर्शनाचं रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं मनात पक्कं होत चाललंय. घरी विषय काढण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा.

‘काम करत राहा, आपोआप येतं’ हा सल्ला पुष्कळ मिळाला आहे, तेवढा कृपया वगळा. आमच्याकडे एकांकिका कशी बसते ते माहीत असेलच. लेखक ग्रुपमधलाच. प्रसंग अडला की बदलायचा, नटाच्या तोंडी वाक्य बसेना की उडवायचं. त्यातून चपळाई येते, स्पर्धेला ती कामालाही येते. पण लेखक हयात नाही, संहितेला हात लावायचा नाही आणि दोन तास प्रेक्षक धरून ठेवायचाय, असं नाटक वाचायचं कसं? नटाने ‘मी इथे का थांबतो?’ विचारलं तर मला ब्लॉकिंग (कुणी कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं) देता येतं, कारण देता येत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याला ‘जरा उदास कर ना’ यापलीकडे काय सांगायचं तेही कळत नाही. हे सगळं शिकायचं आहे.

तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) की थेट परदेश? अर्जासोबत काय मागतात, एकांकिकांचे व्हिडिओ चालतात का? वय २६, शिल्लक बेताची. एफटीआयआय सुचवू नका, घरापासून जवळ आहे पण तिथे सिनेमा शिकवतात.

विंगेतून:
शेवटचं वाक्य आधीच लिहून टाकलंत ते बरं केलंत, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच आला असता.

एनएसडीचा विचार सगळ्यात आधी करा, कारण तिथे वयोमर्यादा ३० ची आहे. पदवी लागते, किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावा लागतो, हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते. म्हणजे जुन्या एकांकिकांची प्रमाणपत्रं, कात्रणं, पत्रिका आत्तापासून शोधायला लागा. ग्रुपमध्ये ती कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असतात आणि तो माणूस नेमका बंगळुरूला गेलेला असतो. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. पहिलं वर्ष सगळ्यांना एकच, पुढे अभिनय किंवा डिझाइन आणि दिग्दर्शन. डिझाइन आणि दिग्दर्शन एकत्र शिकवतात, त्यामुळे तुमची प्रकाशयोजनेची अडचण तिथे बरीच सुटेल. दरमहा शिष्यवृत्तीही असते.

ललित कला केंद्र १९८७ चं, गुरुकुल पद्धतीचं. नाटककार सतीश आळेकर सर १९९६ ते २००९ तिथे प्रमुख होते. शिक्षण मराठीत, आणि संध्याकाळी सुदर्शन किंवा भरत नाट्यगृहात प्रयोग बघायला जाता येतं, हा फायदा लहान नाही. मुंबईत कलिनाला विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आहे, संभाजीनगरला नाट्यशास्त्र विभाग आहे. कन्नड येत असेल तर कर्नाटकातल्या हेग्गोडूची नीनासम ही नाट्यसंस्था, एक वर्षाचा अभ्यासक्रम.

कुठेही जा, पण आधी तिथल्या आजी विद्यार्थ्याला गाठून एवढंच विचारा: तू स्वतः किती नाटकं बसवलीस, आणि नट कोण होते? ‘एकच, शेवटच्या सत्रात’ असं उत्तर आलं तर तिथे नाटकाविषयी भरपूर वाचाल, दिग्दर्शन मात्र पुन्हा ग्रुपमध्येच शिकाल.

पेठेतला_काका:
अरेतुरे करतो, राग मानू नकोस. तू वगळायला सांगितलेला सल्लाच द्यायला आलो होतो, आता वळसा घालून देतो. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, आळेकर बी.जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत. नाटकाची पदवी घेऊन कुणीच आलं नव्हतं. पण पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या पुण्याच्या नाट्यसंस्थेत आणि १९७३ नंतर थिएटर अकादमीत संगीताला भास्कर चंदावरकर, नृत्याला कृष्णदेव मुळगुंद. अशी माणसं तालमीत शेजारी बसलेली असल्यावर पदवीवाचून कशाला अडतंय! तुला आज असा संच मिळतोय का? नसेल मिळत तर खुशाल जा शिकायला. पण नोकरी सोडण्याआधी एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाकडे एक नाटक, पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंत, सहायक म्हणून बस. चहा आणायला नव्हे, प्रॉम्प्ट बुक (संहितेवर हालचाली, प्रकाश, संगीताच्या नोंदी असलेली वही) लिहायला. तो नटाला काय सांगतो त्यापेक्षा कधी गप्प बसतो ते टिपून ठेव.

थेम्सकाठची:
बाहेरचं मी सांगते. ब्रिटनमध्ये एम.ए. साधारण वर्षभराचं, एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) दोन वर्षांचं. लंडनच्या बर्कबेकचं एमएफए नावाजलं गेलं ते दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष थिएटरमध्ये उमेदवारी करायला मिळते म्हणून. अमेरिकेत एमएफए बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं. येलच्या नाट्यशाळेला २०२१ मध्ये डेव्हिड गेफेन यांनी १५ कोटी डॉलर दिले आणि ट्यूशन फी सगळ्यांनाच माफ झाली. मात्र दिग्दर्शनाला दरवर्षी अगदी मोजके विद्यार्थी घेतात, तेव्हा त्यावर विसंबून राजीनामा देऊ नका.

पैशांचं म्हणाल तर चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सला मिळते, म्हणजे एमएफए त्यात बसत नाही. दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यात तुमचं ऑडिटही चालेल. शिकून झालं की निदान दोन वर्षं भारतात परतायचं. इनलॅक्स आणि चार्ल्स वॉलेस या शिष्यवृत्त्याही बघा.

व्हिडिओ चालतात, पण धडाकेबाज संगीत लावलेला ट्रेलर पाठवू नका. एका प्रसंगाची सलग दहा मिनिटं, कट न मारता, नटांचं बोलणं नीट ऐकू येईल अशी. शिवाय बऱ्याच ठिकाणी एखाद्या नाटकाची दिग्दर्शकीय मांडणी मागतात: हेच नाटक का, आत्ता का, कुठल्या जागेत, कुणासमोर. स्वतःच्या ग्रुपची एकांकिका इथे नकोच, कारण तुमची खरी अडचण दुसऱ्याची संहिता वाचण्याची आहे आणि मुलाखतीत तेच तपासतात. जमलं तर पुठ्ठ्याचं मॉडेल करा. ब्रिटनमध्ये १:२५ प्रमाण चालतं, म्हणजे दहा मीटरचा रंगमंच चाळीस सेंटिमीटरमध्ये. दार कुठल्या बाजूला ते ठरवायला बसलात की नवरा-बायकोचं भांडण कुठे होणार, कोण आधी बाहेर पडणार, सगळंच ठरवावं लागतं.

रंगीत_तालीम:
मनापासून आभार! काका, राग कसला. सहायक म्हणून बसण्यासाठी एका दिग्दर्शकांना आजच मेसेज टाकलाय. यंदा एनएसडी आणि ललित दोन्हीकडे अर्ज करतो, परदेशाचं पुढच्या वर्षी बघू. फक्त मांडणीला मराठी नाटक घेऊ की परीक्षकांच्या ओळखीचं एखादं पाश्चात्त्य?

थेम्सकाठची:
मराठी घ्या. शेक्सपिअर त्यांच्याकडे ढिगाने येतो. इंग्रजी अनुवाद उपलब्ध असलेलं निवडा, म्हणजे मागितला तर देता येईल, आणि कथासार अर्ध्या पानात आटपा. प्रसंग चित्रित करणार असाल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी घ्या.

विंगेतून:
त्या पत्राला वेळ लागतो, या आठवड्यातच पाठवा.

पेठेतला_काका:
आणि वाचनाला माणूस कमी पडला तर सांग. म्हाताऱ्याची भूमिका असेल तर मेकअपचा खर्च वाचेल.