फुफ्फुसांच्या आवाजावरून संगणक आजार ओळखू शकतो, असे म्हणता येईल का?

प्रश्न (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

नमस्कार. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी २०१७ च्या आयसीबीएचआय (जैववैद्यकीय व आरोग्य माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय) परिषदेच्या निमित्ताने खुला झालेला ध्वनिसंग्रह वापरत आहे. पोर्तुगाल व ग्रीसमध्ये नोंदवलेल्या या संग्रहात १२६ व्यक्तींची ९२० ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांचे स्पेक्ट्रोग्राम (आवाजातील कंप्रता वेळेनुसार दाखवणारी चित्रे) काढून न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकप्रणालीला) शिकवले असता अचूकता नव्वद टक्क्यांच्या पुढे जाते. ध्वनिमुद्रणांची शिकवणी व चाचणी अशी विभागणी मी सरमिसळ करून केली आहे. अहवालात ‘दमा, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) व न्यूमोनिया ओळखणारी प्रणाली’ असे लिहिले तर चालेल का?

उत्तर (संकेत प्रक्रियेचे प्राध्यापक, पुणे)

कृपया तसे लिहू नका. आधी संग्रहातील मोजणी पाहा: ९२० पैकी ७९३ ध्वनिमुद्रणे सीओपीडीच्या रुग्णांची आहेत, न्यूमोनियाची ३७ आणि दम्याचे केवळ एक. म्हणजे काहीही न ऐकता प्रत्येक वेळी ‘सीओपीडी’ एवढेच उत्तर देणारा प्रोग्रॅमही ८६ टक्के अचूक ठरतो, आणि एका ध्वनिमुद्रणावरून दमा शिकणे तर कोणत्याही पद्धतीला शक्य नाही.

दुसरा दोष विभागणीचा आहे. एकाच रुग्णाच्या छातीवर व पाठीवर घेतलेली ध्वनिमुद्रणे दोन्ही गटांत गेली, तर नेटवर्क आजाराऐवजी रुग्णच ओळखू लागते. शिवाय येथे एक मायक्रोफोन व तीन प्रकारचे स्टेथोस्कोप वापरलेले असल्यामुळे उपकरणाचा ठसाही शिकला जाण्याचा धोका आहे. विभागणी रुग्णनिहाय करा. आकडा खाली येईल, पण तो विश्वासार्ह असेल. संवेदनशीलता (आजारी असलेल्यांपैकी किती ओळखले) व विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) वेगवेगळ्या द्या.

उत्तर (छातीविकारतज्ज्ञ, सोलापूर)

वरील मताशी मी सहमत आहे. फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधला तेव्हापासून आम्ही जे ऐकतो तो आवाज आहे, आजार नव्हे. घरघर, म्हणजे व्हीझ, अरुंद श्वासनलिकेतून हवा जाताना येते. ती दम्यात असते, सीओपीडीत असते आणि श्वासनलिकेत काही अडकले तरी असते. क्रॅकल हे काही मिलिसेकंदांचे तुटक आवाज. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळल्यावर येतो तसा बारीक क्रॅकल फायब्रोसिसमध्येही (फुफ्फुसांत व्रणासारखी कडक ऊती तयार होण्याच्या आजारातही) मिळतो आणि हृदय निकामी होऊन फुफ्फुसांत पाणी साचल्यावरही मिळतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दम्याच्या अतितीव्र झटक्यात हवा इतकी कमी आत जाते की घरघर थांबते आणि छाती शांत होते. तो रुग्ण जिवावरच्या संकटात असतो. ‘व्हीझ नाही, म्हणून सुरक्षित’ असे सांगणारे यंत्र त्या क्षणी घात करील. सीओपीडीचे निदान स्पायरोमेट्रीनेच (नळीत फुंकून श्वास मोजण्याच्या चाचणीनेच) पक्के करावे लागते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. मग केवळ क्रॅकल व व्हीझ ओळखण्यापुरता प्रकल्प मर्यादित ठेवल्यास त्याचा उपयोग होईल का?

उत्तर (छातीविकारतज्ज्ञ, सोलापूर)

निश्चितच होईल. एकच छाती तपासणाऱ्या दोन डॉक्टरांचे क्रॅकलविषयी एकमत होतेच असे नाही; त्यामुळे तोच निकष दर वेळी लावणारे आणि गेल्या तपासणीशी तुलना करू देणारे साधन आम्हाला हवे आहे. चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या ज्या महिला स्पायरोमेट्रीपर्यंत पोहोचतच नाहीत, त्यांपैकी कोणाला पुढे पाठवायचे हे ठरवण्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची मदत होऊ शकेल. मात्र तुमच्या चाचणीत पंख्याचा आणि बाहेरच्या गर्दीचा आवाज जरूर मिसळा, कारण आमच्या बाह्यरुग्ण विभागात शांतता नसते.