पूर्वचाचणी-उत्तरचाचणीत मुलं सुधारली, पण ती आमच्या वर्गामुळंच सुधारली हे दाखवायचं कसं?

पूर्वभागातली_ताई

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात आमची छोटी संस्था संध्याकाळची अभ्यासिका चालवते, मुलं तिसरी ते पाचवीची. बहुतेकांची आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर, घरात तेलुगू आणि शाळा मराठी माध्यमाची. जुलैत आसपासच्या शाळांत सगळ्यांची वाचनाची २० मार्कांची चाचणी घेतली, ८ च्या खाली ज्यांना पडले त्यांना अभ्यासिकेत घेतलं कारण जागाच तेवढी आहे, आणि डिसेंबरात आमच्या मुलांना तोच पेपर परत दिला. सरासरी छान वाढलीय, शिकवणाऱ्या पोरीपण खूश. आता सीएसआरचे पैसे देणाऱ्या कंपनीचे साहेब म्हणतात, ताई वाढ दिसतेय पण ती तुमच्यामुळंच कशावरून, शाळेतपण शिकवतातच की. कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी अभ्यासिकेत नसलेली मुलं) दाखवा म्हणतात, मार्चअखेर रिपोर्ट पाहिजे. म्हणजे काय, काही लेकरांना मुद्दाम शिकवायचं नाही का? मला तर हे पटतच नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा की.

झेडपी_गुरुजी

ताई, साहेबांचं सोडा, आधी पेपरचं बघा. तोच पेपर दोनदा दिला म्हणजे अर्धी पोरं पाठ करून बसलेली असतेत. आमच्याकडं एक पोरगं उतारा घडाघडा म्हणायचं, केंद्रप्रमुख खूश. मी नुसतं म्हणलं बोट ठेवून वाच, तर बोट दुसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर! मग त्याच उताऱ्यातले शब्द उलटसुलट लिहून दिले तर चार शब्द पण येईनात.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीवाल्यांची वाचनचाचणी वापरा, २००५ पासून गावोगाव घरी जाऊन घेतेत. एकेका मुलाला समोर बसवून तोंडी घ्यायची, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, मूल जिथपर्यंत नीट वाचतंय ती त्याची पातळी. एकाच पातळीचे वेगवेगळे नमुने असतेत त्यामुळं पाठांतर चालत नाही. कमी एवढंच की जो गोष्ट वाचतोय त्याची पुढची प्रगती त्यात दिसत नाही, पाचवीच्या हुशार पोरांना ती कमी पडते, पण तुमच्या पोरांना बास हाय. आणि जी पोरगी शिकवते तिनंच चाचणी घेऊ नये, ओठ हलतेत हो आपले नकळत.

आकडेमोड

गुरुजींचं बरोबर आहे पण साहेबांचा प्रश्न त्यानं सुटत नाही. ताई, तुम्ही सगळ्यात कमी मार्कांची मुलं निवडली, आणि अशी निवड केली की काहीही न शिकवता पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी थोडी वर येते. जुलैत त्या दिवशी कुणाला ताप होता, कुणी उपाशी आलं होतं, कुणाचे अंदाज चुकले, म्हणजे ज्याची खरी कुवत ९ ची तो ६ वर दिसला आणि तुमच्या यादीत आला, पुढच्या वेळी तो आपला ९ वर जाणार. गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८६ मध्ये उंचीबाबत हे दाखवलं होतं, फार उंच आईबापांची मुलं सरासरीनं त्यांच्याइतकी उंच निघत नाहीत, मधल्या उंचीकडे सरकतात. त्यात पाच महिन्यांची शाळा मिळवा. तेव्हा तुमच्या वाढीत तीन गोष्टींची मिसळ आहे, शाळा, हा सरकण्याचा भाग आणि तुमची अभ्यासिका, आणि नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांवरून त्या सुट्या करता येत नाहीत.

आता चांगली बातमी. कंट्रोल ग्रुप तुमच्या जुलैच्या रजिस्टरमध्येच बसलेला आहे! ७ मार्कवाला आत आला, ८ वाला बाहेर राहिला, आणि ७ आणि ८ च्या मुलांत खरं तर काय फरक असतो? काहीच नाही. मग ८, ९, १० वाल्या मुलांची आज चाचणी घ्या आणि ५, ६, ७ वाल्यांची पण. अभ्यासिका चालली असेल तर ८ च्या रेषेवर उडी दिसेल, आतली मुलं रेषेपलीकडच्यांच्या बरोबरीला किंवा पुढं गेलेली असतील. थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या गुणवत्ता प्रमाणपत्राचा परिणाम याच रीतीनं तपासला होता. कुणालाही मुद्दाम बाहेर ठेवायची गरज नाही, जागा कमी होती म्हणून ते आधीच झालंय. फक्त यातून रेषेजवळच्या मुलांबद्दलच बोलता येतं, ज्याला जुलैत २ मार्क होते त्याच्याबद्दल नाही.

चहा_कमी_साखर

एवढं सगळं करून साहेब बघणार एक्सेलचा एक रंगीत चार्ट 😀 माझा अनुभव असा की फंडरला आकडा दिला की पुढच्या वर्षी तोच आकडा टार्गेट होतो आणि मग शिकवणारे टार्गेटपुरतं शिकवतात. वरच्याच कॅम्पबेलनं हेपण सांगून ठेवलंय, ज्या मोजमापावर निर्णय अवलंबून राहतात ते मोजमाप बिघडत जातं. ताई, रिपोर्टात आकडे द्या पण पुढच्या वर्षीचं टार्गेट त्यांना लिहून देऊ नका.

पूर्वभागातली_ताई

आकडेमोड सर, हे फारच कामाचं निघालं, रजिस्टर आहे माझ्याकडं शाळानिहाय. पण एक अडचण, ९-१० मार्कवाली काही भावंडं आत घेतलीत, धाकट्याला एकट्याला पाठवायला आया तयार नव्हत्या. आणि काही मुलं दिवाळीनंतर आलीच नाहीत.

आकडेमोड

भावंडांच्या नावापुढं खूण करा आणि हिशोब त्यांना धरून आणि वगळून असा दोन्ही करा, रिपोर्टात सरळ लिहा. गळालेल्यांचं जास्त महत्त्वाचं आहे. सोडून गेलेली बहुधा सगळ्यात कच्ची असतात, ती काढली की सरासरी आपोआप फुगते. घरी जाऊन का होईना त्यांची पण चाचणी घ्या, शिकली कमी असली तरी ती तुमच्याच यादीतली.

मोजपट्टी

उशिरा आले, पण कंट्रोल ग्रुप म्हणजे लेकरांना वंचित ठेवणं, हा समज दूर करते. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा (बालसखी म्हणजे मागं पडलेल्या मुलांना शाळेतच वेगळं शिकवणारी वस्तीतली तरुणी) अभ्यास झाला (बॅनर्जी, कोल, डफ्लो, लिंडन, २००७), त्यात वडोदऱ्यात काही शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, काहींना चौथीसाठी, पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा रिकामी राहिली नाही आणि दोन्ही इयत्तांना तुलनेला मुलं मिळाली. पहिल्या वर्षी वाढ ०.१४ प्रमाण विचलन (मुलामुलांच्या मार्कांत साधारण किती फरक असतो त्याचं माप), दुसऱ्या वर्षी ०.२८, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं उरली साधारण ०.१०. म्हणून ताई, पुढच्या डिसेंबरात सुद्धा याच मुलांना परत तपासा, साहेबांनी मागितलं नाही तरी. आणि जूनमध्ये जागेपेक्षा मुलं जास्त झाली तर पालकांसमोर चिठ्ठ्या टाका, राहिलेल्यांना दिवाळीनंतरची बॅच. आयांना ते जास्त पटतं, वशिला नाही म्हणून.

एक भाषेचं. मराठी उतारा वाचता आला नाही म्हणजे वाचता येत नाही की मराठी कळत नाही, हे घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांत वेगळं काढावं लागतं. वाचून झाल्यावर काय वाचलं ते तेलुगूत सांगू द्या, ते वेगळ्या रकान्यात नोंदवा.

पूर्वभागातली_ताई

ठरलं मग. दोन्ही बाजूच्या मुलांची नवीन चाचणी एकाच आठवड्यात, आमच्या डिसेंबरच्या मार्कांशी बाहेरच्यांचे जानेवारीचे मार्क जोडायचे नाहीत. उद्यापासूनच सुरू करू का?

झेडपी_गुरुजी

उद्या नको हो, गड्डा यात्रा तोंडावर आलीय, निम्मी पोरं पाळण्यात बसलेली असतेत. यात्रा उरकू द्या, शाळेतली हजेरी भरली की घ्या. मुख्याध्यापकांचं पत्र मात्र आजच टाका, परवानगीला चाचणीपेक्षा जास्त दिवस लागतेत.