मदत हवी आहे: सोलापुरात शिकाऊ सुतारकामासाठी स्वस्त लाकूड

शिकाऊ_रंधा:
एक बुटकं स्टूल आणि भिंतीवरची छोटी मांडणी करायची आहे. करवत, रंधा, दोन पटाश्या, गुण्या एवढीच हत्यारं. सागवान परवडत नाही. बाभूळ, कडुनिंब, आंबा यांतलं काय घेऊ?

पटाशी_धार:
तिन्ही आत्ता नकोत. बाभळीत आधी भोक न पाडता खिळा ठोकला की तो वाकतो, नाहीतर फळी टोकाला चिरते. कडुनिंबाला कीड कमी लागते, पण रेषा उलटसुलट, रंध्याखाली चिपा उचकटतात. आंबा कापायला सोपा, पण बहुतेकदा ओला मिळतो आणि त्याला भुंगा पटकन लागतो. बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर हात लावू नका.

पाइन घ्या, हे नरम लाकूड परदेशी मालाच्या खोक्यांत मिळतं. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत कुणी परदेशातून माग, मशीन मागवलं असेल तर त्याच्या खोक्याची चौकशी करा. खोका पॅलेटपेक्षा (माल ठेवायच्या लाकडी चौथऱ्यापेक्षा) बरा, फळ्या लांब निघतात. शिक्का बघा: गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि रोमन लिपीत ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसवर किमान 30 मिनिटं तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते सोडा. तेलाचे, रसायनाचे डाग असलेलंही नको. शिक्का नसणं हा दोष नाही, देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला तो लागतच नाही. मात्र त्यात कुठलंही जंगली, म्हणजे मिश्र हलकं लाकूड निघू शकतं.

वखार_हिशोब:
वखारीत गेलातच तर भाव घनफुटाचा असतो. रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत. तिघांचा गुणाकार भागिले 144. म्हणजे 3 × 2 इंची, 6 फुटी तुकडा पाव घनफूट. भाव ठरवतानाच विचारा, माप कापण्याआधीचं की नंतरचं. खरा घोळ तिथेच.

पाडलेल्या घरांच्या जुन्या सागवानी चौकटी मिळाल्या तर सोडू नका. आधी तारेच्या ब्रशने सिमेंट काढा, मग सगळीकडून लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा राहिला तरी रंध्याच्या पात्याला खाच पडते.

शिकाऊ_रंधा:
खोका नाहीच मिळाला तर पॅलेट. पण पहारीने उचकटताना फळ्या फाटतात.

पटाशी_धार:
खिळे पीळदार असतात, सरळ निघत नाहीत. फळी आणि खालचा बत्ता (फळ्या ज्यावर ठोकलेल्या असतात तो जाड दांडा) यांमध्ये पाचर मारून फट करा, त्यात लोखंड कापायचं हॅक्सॉ ब्लेड घालून खिळे कापा. कंटाळा आला तर फळी बत्त्यालगत दोन्हीकडून कापून टाका. मीटरभर पॅलेटमधून 40-45 सेंटीमीटरचे तुकडे मिळतात, स्टुलाला पुरेत.

वखार_हिशोब:
लाकूड ओलं वाटलं तर गच्चीवर टाकू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात टोकं आधी सुकतात आणि तिथूनच तडे जातात. टोकांना ऑइलपेंट लावा, मध्ये रिपा (बारीक पट्ट्या) घालून सावलीत थर रचा, वर वजन ठेवा.