पार्किंगमधला कुत्रा घरात घ्यावा का? एरवी शांत, पण मध्येच अंगावर येतो

सई_चिंचवड:
नमस्कार मंडळी. आमच्या पार्किंगमध्ये वर्षभरापासून एक गावठी कुत्रा आहे, मुलं त्याला खंड्या म्हणतात. तीनेक वर्षांचा असावा. कानाचं टोक कापलेलं आहे, म्हणजे नसबंदी झालेली. पावसाळ्यात त्याच्या पायाला लागलं तेव्हा मी औषधपाणी केलं. तेव्हापासून मी दिसले की जिन्यापर्यंत मागे येतो. घरात घ्यायचं मनात आहे.
अडचण अशी. एरवी इतका गरीब की मांजर ताटातलं खाऊन जाते. पण मागे वॉचमनकाकांनी त्याची ताटली पायाने सरकवली तर पोटरीला चावला. काकांना इंजेक्शनं घ्यावी लागली. आणि परवा झोपला होता, माझ्या मुलाने (वय ७) डोक्यावरून हात फिरवला, तर दचकून त्याच्यावर तोंड टाकलं. दात लागले नाहीत, पण पोरगा घाबरलाय.
वन बीएचके, सासूबाई घरीच असतात, मी दिवसभर खाली आमच्या झेरॉक्सच्या दुकानात. सुरुवातीला पाच-सात हजार आणि पुढे महिन्याला अडीच हजार, यापेक्षा जास्त जमणार नाही. कोणी असा कुत्रा घेतला असेल तर अनुभव सांगा. कृपया 'दुसरा कुत्रा घ्या' सांगू नका.

रानवाटा:
लॅब्रॅडॉर घ्या, म्हणजे लॅब. लहान मुलांच्या घरात दुसरं काही नकोच. आमची लॅब, नातू शेपटी ओढतो तरी हूं की चूं नाही.

कोथरूडचे_काका:
रानवाटा, त्यांनी स्पष्ट लिहिलंय ना दुसरा नको म्हणून? असो. आमच्याकडे मुधोळ आहे. देशी कुत्रा म्हणजे मुधोळ. २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढलंय त्याच्यावर! खर्च महिना बारा हजार येतो, पण कुत्र्याच्या बाबतीत काटकसर करू नये या मताचा मी आहे. त्याला रोज चिकन, शिवाय ट्रेनर घरी येतो. तुम्हीही आधी ट्रेनर लावा.

बेलवंडी_बुद्रुक:
काका, बारा हजारांत आमच्याकडे म्हैस पोसून होते. बाकी तुमचं मुधोळ आणि आमच्याकडचं कारवानी यात फरक काय ते एकदा सांगाच.

कोथरूडचे_काका:
फरक आहे. सवडीने लिहितो.

तिखटमीठ:
घेऊ नका. आमच्या शेजारी असाच 'गरीब' होता, सगळ्या आळीचा लाडका. एका दुपारी मी नेहमीसारखी पोळी द्यायला वाकले आणि ओठाला धरलं. पाच टाके. मालकीणबाई म्हणाल्या, 'अहो, तो असा नाहीच मुळी.' असा नाही तर मग कसा होता ते टाक्यांना विचारा. सात वर्षांचं मूल वाकलं की त्याचा चेहरा बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो, एवढं ध्यानात घ्या.

हॅनोव्हरकर:
इथे जर्मनीत असं कुणीही उठून कुत्रा घरात आणत नाही. आमच्या नीडरझाक्सन राज्यात २०१३ पासून मालकाला परीक्षा द्यावी लागते, लेखी आणि प्रत्यक्ष. कुत्र्याचा दायित्व विमा सक्तीचा आणि वर कुत्रा-कर. मी लेखी पहिल्या झटक्यात पास झालो. आपल्याकडे ही शिस्त कधी येणार?

बेलवंडी_बुद्रुक:
अभिनंदन. ताईंनी चिंचवडहून विचारलंय.

डॉ_गोचीड:
पशुवैद्य आहे. कुत्रा पाहिलेला नाही, त्यामुळे हे मोघम समजा.
तुम्ही 'मध्येच' म्हणताय, पण दोन्ही वेळी कारण दिसतंय. एकदा अन्न, एकदा झोपमोड. रस्त्यावर ताटली गेली की उपास आणि गाढ झोपलं की गाडीखाली, त्यामुळे मोठ्या भटक्या कुत्र्यांत या दोन्ही गोष्टी नेहमी दिसतात. घरात आल्याने त्या आपोआप जात नाहीत.
आधी तपासणी. पायाचं जुनं दुखणं, कानातला पू, किडलेला दात, गोचिडांचा ताप. दुखणारा कुत्रा हात लागला की चावतो. रक्ततपासणी, जंताचं औषध, रेबीजची आणि इतर रोगांची लस हे तुमच्या पाच-सात हजारांत बसायला हरकत नाही. नसबंदी झाली म्हणजे रेबीजची लसही झाली असावी, पण ती दरवर्षी लागते.
लस टोचली की त्याच दिवसापासून निर्धास्त, असंही नाही. आधी कुठे दुसरा कुत्रा चावला असेल तर रेबीज दिसायला आठवडे, कधी महिनेही लागतात. वॉचमनकाकांना चावून बराच काळ गेलाय आणि कुत्रा धडधाकट आहे, म्हणजे तेव्हा तरी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. पण चावल्यावर 'दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू, मग इंजेक्शनचं बघू' हे कधीही करू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि लगेच दवाखाना. रक्त आलं असेल तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या. घरच्या सगळ्यांनी आधीच प्रतिबंधक लस घेता येते, मुलासाठी तर डॉक्टरांना विचाराच. मग पुढे चावलाच तर दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही.
गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं बंद होतं, चावणं होत नाही. पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

तिखटमीठ:
डॉक्टर, शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. त्या कुत्र्याला गुरगुरला की चप्पल मिळायची.

सोनचाफा_ठाणे:
मी मोठाच घेतला होता, स्टेशनबाहेरचा. पहिले तीन दिवस पलंगाखाली, तीन आठवड्यांनी घर कळलं, तीन महिन्यांनी खरा स्वभाव दिसला. हा तीनाचा ठोकताळा सगळेच सांगतात आणि आमच्या बाबतीत खरा निघाला. पण 'खरा स्वभाव' म्हणजे चांगलाच असं समजू नका हं. आमचा तिसऱ्या महिन्यात बेल वाजली की दारावर धडकायला लागला. अजून कुरिअरवाला आला की कोंडावं लागतं. तरी सोडणार नाही त्याला.
फुकटातले उपाय: वाटी भिंतीकडे, खाताना कुणी जवळ जायचं नाही. झोपलेल्याला हात लावायचा नाही, लांबून हाक मारायची. मूल आणि कुत्रा एका खोलीत, मोठं माणूस नाही, असं एक मिनिटही नको. आणि जाळीचं मुसकं घ्या, ज्यात तोंड उघडून धापता येतं. आधी त्यात खाऊ ठेवून सवय करायची. कापडी पट्टी नको.

रानवाटा:
मुसकं बांधायची वेळ येते असा कुत्रा घरात हवाच कशाला? म्हणून म्हटलं लॅब.

नियमावली:
कायद्याचं कुणी बोललं नाही. रस्त्यावर आहे तोवर तो कुणाचाच नाही. घरात घेतला, महापालिकेचा परवाना काढला की तो तुमचा. चावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, निष्काळजीपणासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोथरूडचे_काका:
सुप्रीम कोर्टाने सगळे भटके उचलायला सांगितलेत की! घ्यायचा प्रश्नच मिटला.

नियमावली:
काका, तो ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली परिसरापुरता होता. २२ ऑगस्टला तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडायची, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडून. आता 'आक्रमक' कुणी ठरवायचं ते विचारू नका.

बेलवंडी_बुद्रुक:
खायला काय घालणार? आमच्याकडे भाकरी-ताकावर पिढ्या गेल्या.

सोनचाफा_ठाणे:
भात, उकडलेलं अंडं, थोडं चिकन, भोपळा. कांदा आणि द्राक्षं अजिबात नाही. अडीच हजारांत आरामात बसतं.

कोथरूडचे_काका:
अडीच हजारांत कुत्रा पाळता येत नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नये.

डॉ_गोचीड:
येतो, काका. पुण्यात हजारो लोक पाळतात.

सई_चिंचवड:
सगळ्यांचे आभार, काकांचेही. डॉक्टरांकडे नेलं होतं. मागच्या पायाचं हाड तेव्हा नीट जुळलेलं नाही, दाबलं की कळवळतो. गोळ्या सुरू केल्यात. लशी झाल्या, मुलासाठी आमच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय.
घरात आत्ता घेत नाही. सासूबाईंना जमणार नाही आणि पोरगा आमचा ऐकणारा नाही. सोडूनही देत नाही. दुकानाच्या मागे सामानाची छोटी खोली आहे, मागच्या बोळात दार उघडतं. तिथे त्याची सोय केलीय, रात्री पण तिथेच. मुलाला त्या खोलीत बंदी. परवान्याचा अर्ज नवऱ्याच्या नावाने करतोय.

सोनचाफा_ठाणे:
दुकानात?? गिऱ्हाईक येणार, शाळेची पोरं प्रोजेक्ट छापायला येणार. याच्यापेक्षा घर बरं होतं हो. मधल्या दाराला कडी आहे का?

तिखटमीठ:
मी 'घेऊ नका' म्हटलं होतं. हे घेणंही नाही आणि न घेणंही नाही.

नियमावली:
दुकानाच्या जागेत पाळण्याबद्दल जागामालकाशी करारात काही आहे का ते बघा.

सई_चिंचवड:
जागा आमचीच आहे. दाराला कडी आहे, वर जाळीचं अर्धं फाटक सुताराकडून करून घेतेय, बाराशे सांगितलेत. मुसकं त्याला अजून पटलेलं नाही, खाऊ खातो आणि तोंड काढून घेतो. सोनचाफा, तुम्ही कोणत्या मापाचं घेतलं होतं? याचं वजन सतरा किलो आहे.

रानवाटा:
सतराच किलो? लॅब तीस भरते.